खडूची एक रेघ

दौलत गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पवनीच्या आठवडी बाजारात कारली निवडत होतो. प्रत्येक कारलं हातात घ्यायचं, फिरवून बघायचं, उजेडाकडे धरायचं, ही माझी जुनी खोड. भाजीवाल्या वैतागतात. त्या दिवशीही एक म्हणालीच, "बाबाजी, कारलं घेऊन राहिले का जावई पाहून राहिले?" मी हसलो, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दौलतच्या मुलीचा, संध्याचा होता. ती एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले." माझ्या खांद्याला जी पिशवी होती ती दौलतच्याच घरची. त्याचं आजारपण सुरू झाल्यापासून त्या घरचा बाजार मीच करत होतो. अर्धी भरलेली ती पिशवी घेऊन मी तसाच त्यांच्या घरी गेलो. सुमनवहिनींनी दारातच ती माझ्या हातून घेतली, आत नेऊन भाजी टोपलीत ओतली आणि रिकामी पिशवी हातमागाच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली, दर आठवड्याला अडकवायच्या तशीच. मग त्या खाली बसल्या आणि रडल्या.

त्याला आता दीड महिना होत आला. तेरवीनंतर आळीतल्या लोकांनी चौकात शोकसभा घेतली. दौलत पवनीतला नावाजलेला विणकर, तेव्हा बोलणारे पुष्कळ होते. त्याच्या हाताबद्दल, लुगड्याच्या काठांबद्दल सगळे चांगलं बोलले. पण प्रत्येकाची गाडी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबत होती. दौलतभाऊंनी दुखणं अंगावर काढलं. खर्रा सोडला नाही, डॉक्टरकडे वेळेवर गेले नाहीत. एका जाणत्या माणसाने तर पोरांकडे बोट करून सांगितलं की बाबांनो, दौलतभाऊंसारखं करू नका. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो, त्याच्या विणीबद्दल चार वाक्यं बोललो... आणि बसलो.

हे लिहितो आहे ते त्या न बोललेल्या वाक्यांसाठी. दौलत डॉक्टरकडे गेला होता. वेळेत गेला होता. त्याने पुन्हा कधी जायचं आणि काय सोडायचं, हे डॉक्टरने ज्याला नीट समजावून सांगितलं तो माणूस मी होतो. मी ते दौलतला सांगितलं नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. मी विणकरांच्या सोसायटीत तपासनीस म्हणून लागलो तेव्हा पंचविशीत होतो आणि मला माझ्या खडूचा फार अभिमान होता. विणकर घरोघर विणलेला कपडा घेऊन यायचे. आम्ही तो लांब टेबलावर पसरून, उजेडात धरून, बोटांनी चाचपून तपासायचो. निळ्या शिंपीखडूची एक रेघ म्हणजे डाग किरकोळ, माल पास. दोन रेघा म्हणजे डाग मधला, माल दुय्यम. तीन रेघा म्हणजे माल परत. दौलत पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आला तो अंगठ्याएवढा लाल धागा काठाला बांधलेला कपडा घेऊन. मी विचारलं हे काय. तो म्हणाला, इथं आत ताण्याचे दोन उभे धागे तुटले होते, मले दिसले, म्हणून खूण केली. त्याच्या वडिलांनी त्याला तशी सवय लावली होती. आपला डाग आपणच दाखवायचा, तपासणाऱ्याला शोधायला लावायचा नाही. आज मला वाटतं, त्या धाग्याला मी हात जोडायला हवे होते. त्या दिवशी मी काय केलं, तर त्याने स्वतः दाखवलेल्या जागेवरच तीन रेघा ओढल्या. ज्याने डाग लपवला असता त्याचा माल कदाचित माझ्या नजरेतून सुटूनही गेला असता.

दौलत कपड्याची घडी करून निघून गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सोसायटीच्या ओट्यावर बसलो होतो, तर हा समोरून येताना दिसला. खांद्याला नवी कोरी पिशवी, त्याच परत केलेल्या कपड्याची शिवलेली. माझ्या तीन निळ्या रेघा बरोबर दर्शनी बाजूला, आणि काठाला तो लाल धागाही तसाच. पिशवीत वांगी, मुळे, कोथिंबीर. माझ्यासमोर थांबून म्हणाला, "तपासनीस साहेब, माल परत आला, पण वांगे काही खाली पडून नाही राहिले." ओट्यावरचे सगळे हसले. मी संतापलो. पुढचे कित्येक आठवडे तो मुद्दाम वाट वाकडी करून, ती पिशवी घेऊन सोसायटीपुढून जायचा. एके दिवशी मलाच हसू फुटलं. मग तो ओट्यावर चढून बसला, खिशातून पुडी काढली आणि अर्धी माझ्या तळहातावर ठेवली.

ती पुडी खर्र्याची. आमच्याकडे खर्रा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण वर्तमानपत्राची ही पुरवणी लांबवरही वाचली जाते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात आणि गालात धरून ठेवतात. त्या दिवसापासून दुपारी तीनची वेळ आमची ठरून गेली. सोसायटी होती तोवर ओट्यावर, आणि सोसायटीला कुलूप लागल्यावर दौलतच्या मागाच्या खोलीत. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, मी भिंतीशी लाकडी पेटीवर. एक पुडी, दोन वाटे. तो डाव्या गालात धरायचा, कारण उजव्या हाताने आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी ओढताना मान उजवीकडे वळते, असं काहीतरी त्याचं गणित होतं. खर्रा तोंडात असेपर्यंत कुणी बोलायचं नाही. फक्त मागाचा आवाज... खट्, खट्. माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा वेळ कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी तो न बोलण्याचा पाऊण तास सांगेन. बायको गेली, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, घर रिकामं झालं, पण तीन वाजले की पाय आपोआप त्या खोलीकडे वळत. संध्या लहान होती तेव्हा त्याच खोलीत सुताच्या कांड्यांशी खेळायची. मोठी झाली, शिक्षिका झाली, लग्न होऊन अड्याळला गेली. दर रविवारी यायची आणि आल्या आल्या बापाच्या खिशातली पुडी काढून नालीत टाकायची. "दोघंही बुढ्ढे सारखेच," म्हणायची. ती गेली की दौलत पेटीमागून दुसरी पुडी काढायचा.

चार वर्षांपूर्वी गावात दातांच्या तपासणीचं शिबिर लागलं. दौलतची एक दाढ हलत होती म्हणून आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टर मुलीने दाढ बाजूला ठेवून त्याचा डावा गाल टॉर्चने बराच वेळ पाहिला. आत पांढरा चट्टा होता, बोटाच्या पेराएवढा. घासून निघत नव्हता. दुखत नव्हता. तिने सांगितलं की भंडाऱ्याला माझ्याकडे या, एक कणभर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. दौलतला दुखण्याची भीती नव्हती, कागदाची होती. तुकडा द्यायला तो सरळ गेला, पण दहा-बारा दिवसांनी अहवाल आणायला गेलो तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. "तू जा आत. तुले इंग्रजी येते. म्या येत नाही." फोन नंबरही त्याने माझाच लिहून दिला होता, कारण त्याच्याकडे फोन नव्हता.

आत त्या डॉक्टर मुलीने अहवाल माझ्यासमोर ठेवला आणि मराठीत समजावून सांगितलं. हे कर्करोग नाही. ह्याला डिस्प्लेसिया म्हणतात, म्हणजे कातडीच्या पेशींची रचना बिघडायला लागली आहे. त्याच्या पायऱ्या असतात, सौम्य, मध्यम आणि तीव्र. ह्यांचं सौम्य आहे. खर्रा पूर्ण बंद केला तर पुष्कळदा हे आपोआप मागे फिरतं. पण नाही फिरलं तर वर चढू शकतं. म्हणून खर्रा आजपासून बंद, आणि दर तीन महिन्यांनी मला तोंड दाखवायचं. "कमी नाही, बंद," असं ती दोनदा म्हणाली. मी मान डोलावली. आता खरं सांगायचं तर सौम्य, मध्यम, तीव्र हे शब्द कानावर पडले तेव्हाच माझ्या डोक्यात एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा उमटल्या होत्या. पुढचं मी ऐकलं, पण ते माझ्या दृष्टीने निकाल लागल्यानंतरचं बोलणं होतं. तीस-पस्तीस वर्षं मी हेच काम केलं होतं. खालच्या पायरीचा डाग म्हणजे माल पास.

परतीच्या बसमध्ये दौलत खिडकीशी बसून माझ्या तोंडाकडे पाहत होता. निवृत्त झालो तरी माझ्या खिशात निळ्या खडूचा तुकडा असायचा, सवय म्हणून. मी तो काढला, अहवालाच्या तपकिरी पाकिटावर ऐटीत एक रेघ ओढली आणि पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "एक रेघ. पास." तो इतका मोठ्याने हसला की पुढच्या सीटवरची बाई मागे वळली. "जिंदगीत पहिल्यांदा तू मले एका रेघेत सोडलं, लेका," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की थोडं कमी कर म्हणाली. कमी. आणि तीन महिन्यांचं काही बोललो नाही... पवनीच्या स्टँडवर उतरलो तर तीन वाजायचेच होते.

हे का केलं याचा मी फार विचार केला आहे. डाग किरकोळ म्हणून केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की त्याचा खर्रा बंद झाला असता तर माझाही झाला असता. दौलतसमोर पेटीवर बसून मी एकट्याने गाल भरला असता असं होणार नव्हतं. आणि खर्र्याशिवाय तो तीनचा पाऊण तास काय राहिला असता, याची मला धास्ती वाटली. मी त्याचा गाल माझ्या दुपारच्या वेळेसाठी वापरला. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

तीन महिन्यांनी दवाखान्यातून माझ्या फोनवर निरोप आला, पेशंटला घेऊन या. मी म्हटलं, आणतो. पुढे पुन्हा एकदा आला. तेव्हा दौलत एका लग्नाची लुगडी विणत होता. म्हटलं, हे होऊन जाऊ दे. मग निरोप येणं थांबलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दौलतला मधूनमधून त्या चट्ट्याची आठवण व्हायची. जिभेने चाचपून म्हणायचा, "हाय अजून तिथंच." मी म्हणायचो, असू दे, पास झालेला आहे.

दीड-पावणेदोन वर्षं गेली. एका रविवारी संध्या आली आणि तिने पाहिलं की बाप भाजीला हात न लावता दूधभात खातो आहे. तिखट लागतं म्हणाला. दौलत आणि तिखट लागतं! तिने बळजबरीने तोंड उघडायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याला नागपूरला नेलं. चट्टा आता पांढरा राहिला नव्हता. लाल होता, जाड होता आणि मध्ये फाटला होता. तिथून पुढे जे झालं ते पवनीत सगळ्यांना ठाऊक आहे. ऑपरेशन झालं, डाव्या गालाचा भाग काढला, मांडीची कातडी तिथे लावली. मग शेक, म्हणजे रेडिएशन. दौलत परत आला तो अर्ध्या चेहऱ्याचा. शब्द त्याच्या तोंडातून ओले आणि मोडके यायचे.

त्या आजारपणात संध्या बापाला फार बोलली. प्रेमाने बोलली, पण बोलली. शिबिरात डॉक्टरने पाहिलं होतं हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं. "तुम्हाले सांगितलं होतं ना? मग काहून नाही गेले?" ती विचारायची. दौलत म्हणायचा, "कंटाळा केला." दर रविवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. आणि मी तिथेच पेटीवर, हातात वहिनींनी दिलेला चहा. चहा गार व्हायचा. एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की पोरी, त्याला विचारू नको, मला विचार.

ऑपरेशननंतर मी खर्रा सोडला. फार उशिरा, आणि आश्चर्य म्हणजे फार सहज. मग एकटाच भंडाऱ्याला त्या डॉक्टर मुलीकडे गेलो. स्वतःचं तोंड दाखवायचं निमित्त केलं. तिने पाहिलं. माझ्या तोंडात काही नव्हतं. त्याच पन्नीतला, त्याच पुडीचा दुसरा वाटा चघळलेलं तोंड, आणि काही नाही. मला त्याची लाज वाटली. मी तिला दौलतचं सांगितलं. तिला तो आठवत होता. मी विचारलं की सौम्य होतं ना, मग असं कसं झालं. तिने एक कागद ओढला आणि एकावर एक रेघा काढल्या. ही गालाची आतली कातडी, म्हणाली, घरावर कौलांच्या ओळी असतात तशी थरांची. नव्या पेशी तळाशी तयार होतात आणि वर सरकतात. बिघाड तळच्या एक तृतीयांश थरांतच असेल तर ते सौम्य. मधल्या थरांपर्यंत पोचला की मध्यम. जवळजवळ वरपर्यंत गेला की तीव्र. आणि तळाची रेघ फोडून बिघडलेल्या पेशी खालच्या मांसात शिरल्या की तो कर्करोग. "पण काका, हे सगळं ज्या दिवशी तुकडा काढला त्या दिवसाचं. सौम्य म्हणजे आज इतकंच आहे. उद्या किती असेल ते त्या शब्दात लिहिलेलं नसतं." काहींचं सौम्य तसंच राहतं, काहींचं निघून जातं, काहींचं चढतं, आणि कधी तर पायऱ्या न मोजताच चढतं.

मी विचारलं, तीन महिन्यांनी आलो असतो तर तो वाचला असता का. ती खोटं बोलली नाही. म्हणाली, ते कुणालाच सांगता येणार नाही. खर्रा सुटूनही वाढलं असतं कदाचित. मग म्हणाली, "पण वाढत असताना दिसलं असतं." जन्मभर बघण्याचाच पगार घेतलेल्या माणसाला तिने हे सांगितलं, आणि तिला त्याची कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मी दौलतला सगळं सांगितलं. तो मागावर बसला होता. ताकद नव्हती, पण रोज हातभर तरी विणायचा. मी बोलत असताना त्याने धोटा थांबवला नाही. बंद म्हणाली होती, कमी नाही. दर तीन महिन्यांनी बोलावलं होतं. दोनदा फोन आला होता. मी सांगत गेलो आणि माग चालत राहिला... खट्, खट्. मग थांबला. त्याने मला जवळ बोलावलं आणि मागावरच्या कपड्यावर बोट ठेवलं. ताण्याचा एक धागा तुटला होता. आडवा धागा चुकला तर डाग तिथल्या तिथे राहतो. उभा ताण्याचा धागा तुटला आणि जोडला नाही, तर कापड जितकं पुढे विणलं जाईल तितका डाग पुढे जातो, आणि शेजारचे धागेही ढिले पडायला लागतात. हे मला काय माहीत नव्हतं? त्याने ते मोडक्या शब्दांत, सावकाश सांगितलं.

"तू मागावरून उतरवलेला कपडा पाहून राहिला होता, वामन. हा तर मागावर होता."

मी मान खाली घातली. मग त्याने कांड्यांची पत्र्याची पेटी ओढली आणि तळातून ते तपकिरी पाकीट काढलं. माझी निळी रेघ पुसट झाली होती, पण होती. त्याने सुई घेतली, लाल धागा ओवला आणि पाकिटाच्या कोपऱ्यातून आरपार काढून गाठ मारली. "डाग विणणाऱ्याचा असते, तपासणाऱ्याचा नाही," तो म्हणाला. "गाल माहा होता. चट्टा मले रोज जिभेले लागे. संध्याले काही सांगजो नको." मी म्हटलं, का नको, तिला कळायलाच पाहिजे. त्यावर तो त्याच्या अर्ध्या चेहऱ्याने हसला. "सांगशील, मंग ती तुले दारात उभा करनार नाही. म्या गेल्यावर सुमनले बाजार कोन आनून देईल, संध्याचा बाप?"

संध्याचा बाप म्हणजे तो स्वतः. स्वतःच्या मरणावर असा विनोद करून त्याने पुन्हा धोटा फेकला. मी गप्प बसलो. त्याने गळ घातली होती, हे कारण मला पुरलं. पुढचं जवळजवळ वर्षभर, तो जाईपर्यंत, पुरत राहिलं. रविवारी संध्या यायची, विचारायची, तो म्हणायचा कंटाळा केला, आणि मी चहा प्यायचो.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी संध्या मागाची खोली आवरत होती. मी पेटीवर बसलो होतो. तिने कांड्यांची पेटी उघडली आणि पाकीट बाहेर काढलं. आतला अहवाल वाचला. शिकलेली पोरगी, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने तारीख पाहिली, मग पाकीट उलटसुलट केलं. "काका, ही रेघ तुमची हाय ना? अन् हा धागा कायचा?" तिच्या आवाजात संशय नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. धागा दौलतचा होता आणि त्याचा अर्थ सांगू शकणारा जगात मी एकटा उरलो होतो. मी म्हटलं असतं की बाबा असंच काहीबाही बांधून ठेवायचे, तर ती ऐकून घेऊन झाडायला लागली असती. मी सांगितलं. पायरीवर बसलेला तिचा बाप, आत गेलेला मी, बस, रेघ, दोन फोन. तीनच्या पुडीचंही सांगितलं. सुमनवहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, हे मला बोलून झाल्यावर दिसलं.

संध्या रडली नाही. पाकीट हातात घेऊन म्हणाली, "म्या दर रविवारी त्याहिले बोलत होती, काका. अन् तुम्ही इथंच बसले होते. ह्याच पेटीवर." ती बराच वेळ त्या लाल गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "काल चौकात सगळे बाबाले बोलले. तुम्ही ऐकलं. आता जे मले सांगितलं ते चौकात सांगा." वहिनी आत गेल्या. मी उठलो आणि घरी आलो.

चौकात उभं राहून बोलण्याची माझी छाती नाही, आणि आवाजही राहिला नाही. म्हणून हे लिहून पाठवतो आहे. दौलतने काहीही अंगावर काढलं नव्हतं. त्याला जेवढं सांगितलं गेलं तेवढं त्याने ऐकलं. त्याच्याबद्दल ज्या कुणी तसं म्हटलं त्यांनी ते मागे घ्यावं. आणि ज्यांच्या हाती अशा कागदावर 'सौम्य' हा शब्द येईल, त्यांनी तो निकाल समजू नये. ती फक्त त्या दिवसाची नोंद आहे. सोडायचं ते सोडावं, आणि ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी जाऊन तोंड दाखवावं. तुमचा अहवाल वाचायला दुसरा कुणी आत जात असेल तर तुम्हीही सोबत जा. पायरीवर बसू नका.

संध्याला सांगितलं त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी सवयीने दौलतच्या घराकडे वळलो. मागाच्या खोलीचं दार रस्त्याकडे उघडतं. पिशवीचा खिळा रिकामा होता. मी उंबऱ्याशी थोडा थांबलो, आतून भांड्यांचा आवाज येत होता, कुणी बाहेर आलं नाही. पुढच्या आठवड्यातही खिळा रिकामा. मी बाजारात जाऊन एका माणसापुरती भाजी घेतली आणि न निवडताच घेतली. भाजीवालीने विचारलं, "आज जावई पाहिला नाही, बाबाजी?"

परवा तिसरा बाजार होता. न जाण्याचं ठरवूनही मी गेलोच. दार उघडं होतं. मागावर दौलतचं अर्धवट कापड तसंच ताणलेलं होतं, वहिनींनी ते कुणाला कापू दिलेलं नाही. आणि खिळ्यावर पिशवी होती. धुतलेली. अस्तर कितीदा बदललं, बंद कितीदा नवे लावले, पण कापड तेच, मी परत केलेलं. माझ्या तीन रेघा केव्हाच धुऊन गेल्या आहेत. काठाचा लाल धागा मात्र आहे. वहिनी आतल्या खोलीत पाठमोऱ्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही आणि मीही हाक मारली नाही. पिशवी काढून खांद्याला लावली. चालताना बोट आपोआप त्या काठावरून फिरलं आणि गाठीशी येऊन थांबलं.